रॅम अर्धवट बसली आणि जळका वास आला: आता पॉवर बटण पुन्हा दाबू नका

जुळे सोलापुरात राहणाऱ्या एका विद्यार्थ्याचा प्रश्न आहे. त्याने सेकंडहँड डेस्कटॉप घेतला. आत ८ जीबीची एक डीडीआर-४ (चौथ्या पिढीची) रॅम होती, शेजारच्या स्लॉटमध्ये त्याने तशीच दुसरी लावली. एका बाजूची क्लिप बसली, दुसरी काही बसेना. ‘बसली असेल’ असं धरून मशीन चालू केलं. काही सेकंदांत जळका वास आला आणि सगळं बंद पडलं. आता बटण दाबलं की पंखा जरासा हलतो आणि थांबतो. मदरबोर्ड गेला का, प्रोसेसरही गेला का, आणि ही रॅम मित्राच्या मशीनमध्ये लावून तपासू का, असं त्याने विचारलंय.

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण पुढचं नुकसान तिथेच टळणार आहे. नाही, लावू नका. जळल्याची शंका असलेली रॅम चांगल्या बोर्डात घालायची नाही आणि जळल्याची शंका असलेल्या स्लॉटमध्ये चांगली रॅमही घालायची नाही. शॉर्ट झालेली स्टिक, म्हणजे रॅमची कांडी, दुसऱ्या बोर्डाच्या पिना जाळू शकते, आणि वितळलेला स्लॉट नव्या स्टिकचा बळी घेऊ शकतो. एका चुकीतून दोन मशीन बंद पडलेली मी बऱ्याचदा पाहिली आहेत, आणि त्यातलं दुसरं मशीन दर वेळी तपासताना गेलेलं असतं. दुसरी गोष्ट, पॉवर बटण आता अजिबात दाबू नका. ‘एकदा बघू चालू होतंय का’ असं म्हणून दाबलेलं प्रत्येक बटण त्याच शॉर्टमधून पुन्हा करंट ढकलतं.

काय काय गेलं, हे तुम्ही विचारताय ते साहजिक आहे. पण त्याच्याही आधी शोधायला हवं ते असं: शॉर्ट आत्ता नेमका कुठे आहे? स्टिकवर, स्लॉटच्या पिनांमध्ये, की बोर्डावर त्याच्या पलीकडे? उत्तर मिळेपर्यंत मशीनला वीज द्यायची नाही. उत्तर काय येईल हे बोर्ड कोणता, वीज किती वेळ चालू राहिली आणि एसएमपीएस (मशीनला वीज देणारा पॉवर सप्लायचा डबा) किती चांगला आहे यावर अवलंबून असतं. त्यामुळे इथे बसून ‘बोर्ड वाचला’ किंवा ‘बोर्ड गेला’ असं मी छातीठोक सांगणार नाही. पण माझ्या टेबलावर येणाऱ्या अशा मशीनमध्ये बहुतेक वेळा स्टिक जाते, कधी तिच्यासोबत एक स्लॉट जातो, आणि प्रोसेसर क्वचित जातो. पंखा हलून थांबतोय हे तर मला चांगलं लक्षण वाटतं. कुठेतरी शॉर्ट आहे हे सप्लायला कळतंय आणि तो वेळेत हात आखडता घेतोय. संरक्षण काम करतंय म्हणून मशीन थांबतंय.

आता हे जळतं कसं, ते समजून घ्या, म्हणजे पुढच्या पायऱ्या का तशा आहेत हे कळेल. लोक मला विचारतात, डीडीआर-४ तर १.२ व्होल्टवर चालते, पेन्सिल सेलपेक्षाही कमी, त्याने काय जळणार? व्होल्टेज कमी आहे हे खरं, पण बोर्डावरचं जे सर्किट रॅमला वीज देतं ते कित्येक अँपिअर देऊ शकतं. हा करंट रॅमच्या अनेक पिनांमधून वाटून जावा अशी रचना असते. डेस्कटॉपच्या डीडीआर-४ स्टिकला २८८ पिना असतात आणि दोन शेजारच्या पिनांमध्ये फक्त ०.८५ मिलिमीटर अंतर. स्टिक एका टोकाला उचललेली राहिली की त्या बाजूच्या पिना टेकतात न टेकतात, काही कडेला घासून राहतात. मग जो करंट अनेकांनी वाटून घ्यायचा तो टेकलेल्या दोन-चार पिनांवर येतो, तिथे उष्णता साठते. त्यात पॉवरची पिन शेजारच्या ग्राउंडला किंवा डेटाच्या पट्टीला भिडली तर शॉर्टच झाला. प्लॅस्टिक वितळतं, काळं पडतं, आणि जळून कोळसा झालेलं प्लॅस्टिक स्वतःच वीज वाहायला लागतं. म्हणून पहिल्या वेळी लहान असलेला शॉर्ट तिसऱ्या-चौथ्या वेळी मोठा होतो. बटण दाबू नका म्हणतो ते यासाठी.

प्रोसेसरपर्यंत झळ का पोहोचू शकते तेही सांगतो. पूर्वी रॅम सांभाळणारा कंट्रोलर बोर्डावरच्या वेगळ्या चिपमध्ये असायचा. एएमडीने तो २००३ मध्ये आणि इंटेलने २००८ मध्ये प्रोसेसरच्या पोटात नेला. त्यामुळे रॅमच्या डेटाच्या वाटा आज थेट प्रोसेसरमध्ये जातात. नको तिथे व्होल्टेज गेलं तर त्यातला एक चॅनल (या वाटांचा एक गट) मरतो, आणि मग मशीन चालू होतं पण एका बाजूच्या स्लॉटमधली रॅम दिसतच नाही. अशा वेळी लगेच प्रोसेसरवर आळ घेऊ नका. कूलर एका बाजूला जास्त आवळला किंवा सॉकेटची एखादी पिन वाकली तरी नेमकं हेच लक्षण दिसतं.

आता तुमच्या मशीनकडे येऊ. मागची केबल काढा, नुसतं भिंतीवरचं बटण बंद करून भागवू नका. केबल काढल्यावर पॉवर बटण दहा-पंधरा सेकंद दाबून धरा, म्हणजे आत साठलेली वीज उतरते. हे महत्त्वाचं आहे, कारण विंडोजमधून शटडाउन केलं तरी केबल लागलेली असेल तर बोर्डावर ५ व्होल्टची स्टँडबाय वीज चालूच राहते. आणि शटडाउनऐवजी मशीन स्लीपमध्ये गेलं असेल तर रॅमच्या स्लॉटमध्येसुद्धा वीज असते, पंखे बंद दिसले तरी. त्या अवस्थेत रॅम काढणं-घालणं म्हणजे चालू मशीनमध्येच हात घालणं. तुम्ही रॅम लावताना केबल काढली होती का, हे प्रश्नात लिहिलेलं नाही. काढली नसेल तर दुरुस्तीवाल्याला तेही सांगा.

दोन्ही स्टिक सरळ वर उचलून काढा, वाकड्या ओढू नका. नवी स्टिक उजेडात तिरकी धरा आणि मोबाइलच्या कॅमेऱ्याने झूम करून खालच्या सोनेरी पट्ट्या एकेक बघा. चांगली पट्टी सारखी चमकते, त्यावर स्लॉटच्या पिनेची एक बारीक रेघ असते, ती नैसर्गिक आहे. जळलेल्या पट्टीच्या टोकाला काळं कडं दिसतं, सोनं उडून खालचं तांबं उघडं पडलेलं असतं, कधी शेजारच्या हिरव्या लाखेला फोड आलेला असतो. असं एक ठिकाण जरी दिसलं तरी ती स्टिक बाजूला ठेवा, ती पुन्हा कुठेही लावायची नाही. खोडरबरने घासून काळं निघालं म्हणून ती बरी झाली असं होत नाही. स्टिकवरच्या चिपांच्या आजूबाजूला मोहरीपेक्षा लहान चौकोनी कपॅसिटर असतात, त्यातला एखादा उडालाय का तेही बघा. स्टिक जोरात दाबताना नख किंवा स्क्रू ड्रायव्हर लागून ते निघतात.

मग स्लॉट. टॉर्च तिरका मारून आत बघा. पिना दोन ओळींत सारख्या उभ्या दिसायला हव्यात. एखादी आत झुकलेली, काळी पडलेली, किंवा कडेचं प्लॅस्टिक सुजल्यासारखं असेल तर तो स्लॉट संपला, निदान बदलेपर्यंत. चार स्लॉटच्या बोर्डात शेजारचे दोन स्लॉट बहुधा एकाच चॅनलचे असतात आणि त्यांच्या वाटा एकच असतात, म्हणून जळक्या स्लॉटच्या जोडीदारावरही भरवसा ठेवू नका.

हे सगळं स्वच्छ दिसलं किंवा जळकी खूण फक्त स्टिकवर दिसली, तर दोन्ही रॅम बाहेर ठेवून, एकदाच, मशीन चालू करून बघता येतं. स्लॉटमध्ये काही काळं दिसलं असेल तर मात्र ही पायरी घरी करू नका. रॅम नसताना पंखे सलग फिरत राहिले, स्पीकर असेल तर बीप आला किंवा बोर्डावरचा डीरॅमचा (रॅमची अडचण दाखवणारा) दिवा लागला, तर शॉर्ट स्टिकमध्येच होता असं मी समजतो आणि मला बोर्डाची बरीच आशा वाटते. तरीही पंखा हलून थांबत असेल तर शॉर्ट बोर्डावर आहे, आणि इथून पुढे मल्टिमीटर लागतो. रॅमच्या स्लॉटजवळच्या कॉइलवर एक टोक आणि बोर्डाच्या स्क्रूच्या भोकावर दुसरं, असं वीज बंद ठेवून मोजतात. तिथे मल्टिमीटरचा बझर सलग वाजला तर रॅमची लाइन शॉर्ट आहे. प्रोसेसरजवळच्या कॉइलवर मात्र चांगल्या मशीनमध्येही बझर वाजू शकतो, कारण तिथला रेझिस्टन्स मुळातच फार कमी असतो. तो ऐकून ‘प्रोसेसर शॉर्ट’ असं सांगणारे भेटतात. पैसे देण्याआधी कुठे मोजलं ते विचारा.

रॅम नसताना पंखे फिरले तर मी पुढे काय करतो? चांगली रॅम लगेच लावत नाही. अशा कामासाठी जुनी, लहान, गेली तरी चालेल अशी ४ जीबीची एक स्टिक ठेवलेली असते. ती आधी लागते, जळका स्लॉट सोडून, वेगळ्या चॅनलच्या स्लॉटमध्ये. ती थोडा वेळ नीट चालली, हाताला गरम लागली नाही, की मग ग्राहकाची मूळ रॅम. तुमची पहिली ८ जीबी अशीच, सगळ्यात शेवटी लावायची.

एक गोष्ट मध्येच सांगून ठेवतो, कारण तिच्यामुळे लोक उगाच घाबरतात. रॅम बदलल्यावर पहिल्यांदा मशीन चालू होताना स्क्रीन बराच वेळ काळी राहू शकते, मशीन एक-दोनदा आपणहून बंद होऊन चालू होऊ शकतं. बोर्ड नव्या रॅमशी जुळवून घेत असतो. डीडीआर-५ मध्ये तर याला काही मिनिटंही लागतात. या काळात केबल ओढू नका. पण वास, धूर किंवा चटका यांचा या जुळवण्याशी काही संबंध नसतो. वास आला की केबल ओढायचीच.

आता मुळाकडे जाऊ: क्लिप बसली का नाही? ‘जोर कमी पडला’ हे एकच कारण नसतं. बऱ्याच बोर्डांत दोन्ही टोकांना क्लिप असते आणि खालची क्लिप ग्राफिक्स कार्डाला अडते, पूर्ण उघडतच नाही. मग स्टिक त्या टोकाला बसूच शकत नाही. अशा वेळी आधी कार्ड काढावं लागतं. कधी मोठा कूलर स्टिकला एका बाजूला रेलतो. आणि आपल्या सोलापूरचं खास कारण म्हणजे सुताचे तंतू. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतून आणि पूर्व भागातून जी मशीन येतात, यंत्रमागाच्या शेजारच्या ऑफिसात बिलं बनवणारी, त्यांच्या स्लॉटमध्ये टॉवेलचे बारीक तंतू जाऊन बसलेले असतात. एका टॉवेल कारखान्याच्या मशीनमध्ये रिकाम्या स्लॉटच्या तळाला करड्या रंगाचा थर जमला होता, चिमट्याने ओढला तर नमद्याच्या पट्टीसारखा अख्खा बाहेर आला. मालकाने नवी रॅम आणली होती, ती तळापर्यंत जातच नव्हती, आणि त्याला वाटत होतं की दुकानदाराने चुकीची रॅम दिली. नशिबाने त्याने जोर लावला नव्हता. पावसाळ्यात हा थर दमट होतो तेव्हा तो नुसता अडथळा राहत नाही, पिनांमधून गळती करंटही वाहू शकतो. तुमचं मशीन सेकंडहँड आहे, ते आधी कुठे होतं कुणास ठाऊक. रिकाम्या स्लॉटमध्ये रॅम घालण्याआधी टॉर्च मारून बघायचं, मऊ कोरड्या ब्रशने आणि ब्लोअरने साफ करायचं. सोनेरी पट्ट्या पुसायच्या तर आयसोप्रोपिल अल्कोहोल कापडावर घेऊन, आणि पूर्ण वाळेपर्यंत थांबायचं. फुंकर मारायची नाही, थुंकी जाते. पॉलिश पेपर तर कधीच नाही, सोन्याचा थर अगदी पातळ असतो.

रॅम बसवताना माझी पद्धत अशी. कॅबिनेट आडवं करायचं, म्हणजे जोर सरळ खाली जातो. क्लिप पूर्ण उघडायच्या. स्टिकची खाच स्लॉटच्या उंचवट्यावर धरून बघायची. खाच मध्यावर नसते, म्हणून उलटी स्टिक जुळतच नाही, आणि डीडीआर-३, ४, ५ यांच्या खाचा वेगवेगळ्या जागी असतात. जुळत नसेल तर थांबायचं. मग दोन अंगठे दोन टोकांवर, आधी एक बाजू, मग दुसरी. क्लिप स्वतःहून ‘टक्’ करून बंद व्हायला हवी. बोटाने क्लिप ओढून लावायची नाही, कारण स्टिक खाली गेलेली नसताना क्लिप लागल्याचा भास होतो. शेवटी कडेने बघायचं: स्लॉटच्या वर सोनेरी पट्ट्यांची दिसणारी किनार या टोकापासून त्या टोकापर्यंत सारखी हवी. एका टोकाला जास्त सोनं दिसतंय म्हणजे ती बाजू वर आहे. तुमच्या मशीनमध्ये हे बटण दाबण्याआधी दिसलं असतं. दाबताना बोर्ड खाली वाकत असेल तर त्याच्याखाली स्क्रूचा टेकू नाही असं समजा आणि थांबा, वाकलेल्या बोर्डाचे सोल्डर आतून तडकतात.

खाच जुळली म्हणजे सगळं जुळलं असंही नाही. डीडीआर-३ आणि डीडीआर-३एल यांची खाच एकाच जागी असते, पण पहिली १.५ व्होल्टची आणि दुसरी १.३५ व्होल्टची. डीडीआर-३एल सांगितलेल्या लॅपटॉपमध्ये जुनी १.५ ची स्टिक बसते, बहुतेक वेळा डिस्प्ले येत नाही इतकंच. पण इंटेलच्या सहाव्या पिढीच्या ज्या बोर्डांवर डीडीआर-३ चा स्लॉट होता, तिथे १.५ व्होल्टने प्रोसेसरचा कंट्रोलर कालांतराने खराब होऊ शकतो, म्हणून १.३५ चीच लावायची असं इंटेलचंच म्हणणं होतं. लॅपटॉपमध्ये आणखी एक धोका, चार्जर काढला तरी आतली बॅटरी वीज देतच असते. आधी बॅटरीचा कनेक्टर काढायचा, मगच रॅमला हात लावायचा.

स्टॅटिकबद्दलही (अंगावर साठणाऱ्या स्थिर विजेबद्दल) विचारतात, म्हणून थोडं. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा चाळिशीपार आणि हवा कोरडी ठाक, त्यात अंगावर पॉलिएस्टर असेल तर चटका बसतोच. माणसाला जाणवणारा चटका सुमारे ३,००० व्होल्टचा असतो, चिपला त्याच्या कितीतरी कमी पुरतं. म्हणून रॅम हातात घेण्याआधी कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावायचा, स्टिक कडेने धरायची, खाली चादर किंवा गोधडी न ठेवता लाकडी टेबल घ्यायचं. पण जळका वास स्टॅटिकने येत नाही. तुमच्या बाबतीत संशय अर्धवट बसलेल्या स्टिकवरच आहे. चालू मशीनच्या पत्र्याला हात लावल्यावर मुंग्या येत असतील तर मात्र घराचं अर्थिंग नाही. जुन्या घरांत तिसरं भोक नुसतं शोभेला असतं आणि एसएमपीएसच्या फिल्टरमधून पत्र्यावर वीज उतरते. ते काम इलेक्ट्रिशियनचं, रॅम बदलण्याआधी करून घ्या.

दुरुस्तीला द्याल तेव्हा बोर्ड, दोन्ही स्टिक आणि एसएमपीएस एकत्र द्या आणि घडलं ते जसंच्या तसं सांगा. ‘आपोआप बंद पडलं’ असं सांगितलं की समोरचा माणूस पहिल्यांदा चांगली रॅम लावून बघतो आणि आणखी एक स्टिक जाते. वॉरंटीत जळकी खूण बसत नाही, त्यामुळे लपवून फायदाही नाही. स्लॉट बदलून मिळतो, पण ते गरम हवेने सोल्डर वितळवून करायचं चिप लेव्हल काम आहे. जुन्या बोर्डावर त्याचा खर्च सेकंडहँड बोर्डाच्या जवळ जात असेल तर बोर्डच बदला. एकच स्लॉट जळला असेल, बाकी बोर्ड शाबूत असेल आणि तुमचं काम एका स्टिकवर भागत असेल, तर मी तो स्लॉट साफ करून, वर टेप लावून बंद करतो आणि मशीन तसंच वापरायला देतो.

नवी रॅम लगेच घेऊ नका. आधी जुन्या ८ जीबीवर मशीन चालू होऊ दे, पेनड्राइव्हवरून मेमटेस्ट-८६ हा रॅम तपासणारा प्रोग्रॅम रात्रभर चालवा, एकही एरर नको. मग दोन-चार दिवस रोजचं काम करून बघा. त्यानंतर दुसरी ८ जीबी घ्या, आणि घेताना बोर्डाचं मॉडेल लिहून न्या. चार स्लॉट असतील तर प्रोसेसरपासून दुसरा आणि चौथा हे आधी भरायचे असतात, मात्र बोर्डाच्या पुस्तिकेत वेगळं दिलं असेल तर ते खरं.